सरळ होण्याआधी

भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या रस्त्यावर कृष्णाला कुब्जा भेटते. कंसाची ही दासी. अंगाला तीन ठिकाणी बाक, हातात उटीचे पात्र. कृष्ण तिची पावले आपल्या पायाने दाबून धरतो, हनुवटीखाली दोन बोटे लावून तिला वर उचलतो आणि तिचा देह सरळ होतो. कथेतला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कृष्णाच्या रूपाने ती आधीच भारावलेली असते; पण तिच्या मनात कामना जागी झाल्याचे निवेदक सांगतो ते देह सरळ झाल्यावर. त्याचे उत्तरीय ओढून ती त्याला घरी बोलावते, तेही त्यानंतरच. महाभारतातील अष्टावक्र वाकड्या देहानिशी जनकाच्या सभेत वाद जिंकतो. त्याच्या विवाहाची कथा मात्र समंगा नदीतील स्नानाने तो सरळ झाल्यानंतरच्या पर्वात येते.

वाकलेल्या देहालाही इच्छा असते, हे मान्य करण्याचा संकोच पुराणांपुरता उरलेला नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या तरुणाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसे सरकावे, शय्याव्रण कसे टाळावेत, हे शिकवले जाते. पत्नीच्या जवळ कसे जावे, हे सांगणारे कोणी भेटेलच असे नाही. विचारण्याचा धीर त्यालाही होत नाही. वस्तुतः इजेच्या खालची संवेदना गेली तरी मान, कान, खांदे अशा ठिकाणी स्पर्शसुख अधिक उत्कटतेने जाणवते, असा अनेकांचा अनुभव आहे. देह आपली भाषा नव्याने शिकू शकतो. त्यासाठी हवा असतो तो एकांत. ज्याला कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या खोलीला आतून कडी लागत नाही. जी आई त्याला न्हाऊ घालते, तिच्याच डोळ्यांपासून त्याला आपले तारुण्य लपवावे लागते. मुलगी असेल तर लग्नाचा विषयच घरात निघत नाही. निघालाच तर व्यंगाची भरपाई म्हणून वाढीव हुंडा किंवा वयस्क बिजवर पुढे येतो.

जिथे प्रेम लाभते तिथेही त्याला त्यागाचे नाव दिले जाते. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’ (१९८०) या चित्रपटातील अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध कविताशी ठरलेले लग्न मोडतो, ते तिच्या प्रेमात त्यागाची शंका आल्यामुळे. ही शंका केवळ अहंकारातून येत नाही. डोळस जोडीदाराला देवत्व देणारी स्तुती दुसऱ्याला त्याच क्षणी याचक ठरवते. आणि प्रेम करणाऱ्याला तर आपल्यापाशीही देण्याजोगे काही आहे, ही खात्री हवी असते.

कायद्यालाही इथवर यायला वेळ लागला. १९९५चा अपंग व्यक्तींसाठीचा कायदा मुख्यतः शिक्षण आणि नोकरी यांविषयी बोलला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारनाम्याने विवाह, कुटुंब आणि नातेसंबंध यांचा हक्क मान्य केला. भारताने त्यास २००७ मध्ये मान्यता दिली. २०१६च्या कायद्याने प्रजननविषयक माहितीचा हक्क दिला आणि संमतीवाचून वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई केली. पण खोलीच्या दाराला कडी घरच्यांनीच बसवायची असते.

शोनाली बोस यांच्या ‘मार्गरिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) या चित्रपटातील लैलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचा देह शेवटपर्यंत तसाच राहतो. त्याच देहानिशी ती प्रेम करते, प्रतारणा करते, कबुली देते आणि अखेरीस आरशासमोर स्वतःच्याच भेटीला येऊन बसते. तिच्यावर कोणी चमत्कार करत नाही आणि तिला कोणी देवीही करत नाही. चुकण्याचा अधिकार मिळालेली ती एक तरुणी आहे.

कुब्जेच्या कथेतही एक क्षण असा आहे, जो सहसा नजरेतून निसटतो. कृष्णाने तिला सरळ केले ते नंतर. त्याआधी तिने दिलेली उटी त्याने अंगाला लावली होती. तेव्हा ती वाकलेलीच होती, आणि देणारी ती होती.