फोन बंद, आकाश चालू!

फेब्रुवारीचा शेवट, नाशिक फाट्यावरचं ट्रॅफिक आणि मागच्या सीटवर आठ वर्षांची भाची. मॉल नको, लोणावळा नको. मॅडमना ‘तारे जिथे जन्मतात ते’ बघायचं होतं. आदल्या रात्री खराडीच्या बाल्कनीतून तिला मृग नक्षत्र दाखवायला गेले आणि फजिती झाली. बाणाचे तीन तारे दिसले, बस्स. बाकी सगळं होर्डिंगच्या उजेडात गडप. मी लहान असताना सदाशिव पेठेतल्या गच्चीवरून बाबा हरणाचं शेपूटसुद्धा दाखवायचे. त्या शेपटात एक धुरकट ठिपका असतो. तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा ताऱ्यांचा पाळणा.

तारे जन्मतात ते धुळीत. अवकाशात वायू आणि धुळीचे गारठलेले ढग असतात, उणे २६० अंशांच्या आसपासचे. त्यातला एखादा गोळा स्वतःच्याच वजनाने आत कोसळायला लागतो, फिरता फिरता चपटा होतो, मधला भाग तापत जातो. तिथलं तापमान कोटभर अंशांवर पोचलं की हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं आणि तारा स्वतःच्या पायावर उभा राहतो. सूर्यासारख्या ताऱ्याला एवढं व्हायला काही कोटी वर्षं लागतात. (तेव्हा आपल्या प्रोबेशनबद्दल कुरकुर नको!) भोवती उरलेल्या चकतीतून ग्रह तयार होतात.

गोची एकच. हे सगळं चालतं धुळीच्या पडद्याआड. साध्या दुर्बिणीतून तिथे नुसता काळोख दिसतो.

मग बघायचं कसं? खंडाळ्याच्या घाटात धुकं दाटलं की पुढची गाडी दिसत नाही, पण गाडीतला एफएम चालूच असतो ना? तसंच. रेडिओ लहरी धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी लांब असतात, त्यामुळे त्या पडद्यातून आरपार येतात. आणि त्या ऐकणारे ३० कान आपल्याच जिल्ह्यात आहेत, पुण्यापासून ८० किलोमीटरवर.

नारायणगावला मिसळ हाणली आणि खोडदकडे वळलो. ऊस, कांदा, द्राक्षं आणि मध्येच शेतांच्या डोक्यावर तारांच्या जाळीची अवाढव्य तबकडी. एकेक ४५ मीटर व्यासाची! १४ तबकड्या इथे जवळजवळ, उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी. वृषभ राशीत डीजी टॉरी नावाचा एक बाळ-तारा आहे, अजून जन्माच्या धुळीत गुरफटलेला. युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांनी त्याच्याकडे बघायला हीच दुर्बीण वापरली. या बाळाने बाहेर फेकलेल्या फवाऱ्यात जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन असावेत, अशी चिन्हं त्यांना मिळाली. २०१४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. ऐकून आमच्या मॅडमचा आ वासलेला.

आवारात पहिली सूचना, फोन बंद. ताऱ्यांकडून येणारा आवाज इतका क्षीण, की त्याच्यापुढे आपला मोबाइल म्हणजे मिरवणुकीतला डॉल्बी. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी या भागातून झाली, तेव्हाही दुर्बिणीला त्रास होईल म्हणून आक्षेप घेतला गेला. खरं सांगू? नाशिकला दोन तासांत पोचायची गाडी मलाही हवीय. पण खराडीच्या बाल्कनीतून शेपूट कधी गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. इथली शांतता तशीच गेली, तर ती परत कुठून आणायची?

परतताना अंधार पडला. शेताकडेला गाडी थांबवली, दिवे मालवले. डोक्यावर अख्खं हरीण! चार पाय, पोटातला बाण आणि शेपटात तो धुरकट ठिपका. भाची बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘मावशी, आत्ता तिथे कुणी जन्मतंय?’’

‘‘हो गं,’’ म्हटलं. फोन अजून बंदच होता. चालू करावासा वाटलाही नाही.

जायचं कसं? पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून आत खोडद. एरवी जायचं तर आधी परवानगी घ्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथे प्रदर्शन भरतं. लहान मूल बरोबर असेल तर उत्तम, प्रश्न तेच विचारतं!