संपल्याचा कागद

२०२३ च्या जुलैत आमच्या पेपरात मी एक चौकट लिहिली होती. 'कोरियन युद्धसमाप्तीला ७० वर्षे'. खरं सांगायचं तर जाहिरात आली नव्हती, जागा उरली होती, म्हणून दिनविशेष बघून भरलेली. सकाळी साडेसातला फोन. पलीकडे आमच्याच तालुक्यातले एक रिटायर सुभेदार.

"पत्रकार, युद्ध कधी संपलं म्हणता?"

"२७ जुलै १९५३, साहेब."

"ती शस्त्रसंधी. संपल्याचा कागद दाखवा, मग बोला."

आणि फोन ठेवला.

राग आला. वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला सकाळी सकाळी कुणी शब्द शिकवले की येतोच. पण संध्याकाळी शोधायला बसलो, आणि कागद काही सापडेना. कारण तो नाहीच.

पानमुनजोमला सह्या झाल्या त्या लष्करी अधिकाऱ्यांच्या. एका बाजूला संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालची फौज, म्हणजे मुख्यतः अमेरिका. दुसऱ्या बाजूला उत्तर कोरिया आणि चीनचे 'स्वयंसेवक'. दक्षिण कोरियाची सही त्यावर नाहीच! अध्यक्ष सिंगमन री यांना सगळा देश एक झाल्याशिवाय थांबायचं नव्हतं. म्हणजे भांडण ज्या दोघांचं, त्यातल्या एकानं कागदाला हातच लावला नाही. तीन महिन्यांत राजकीय परिषद घ्या, असं त्या शस्त्रसंधीतच लिहिलं होतं. १९५४ मध्ये जिनिव्हाला परिषद झाली, कोरियाच्या बाबतीत हाती काही लागलं नाही. २०१८ मध्ये दोन्हीकडचे नेते पानमुनजोमलाच भेटले, याच वर्षी युद्ध संपल्याचं जाहीर करू म्हणाले. ते वर्षही गेलं.

काहीजण म्हणतील, ही यादवी कुठली, हे अमेरिका आणि चीनचं युद्ध. १९४५ मध्ये अडतिसाव्या अक्षांशावर रेघ ओढली ती बाहेरच्यांनीच, हे कबूल. पण जून १९५० मध्ये ती ओलांडून आलेली फौज कोरियन होती, समोर उभी होती तीही कोरियन, आणि दोन्ही सरकारं आख्ख्या देशावर हक्क सांगत होती.

आठ दिवसांनी मीच सुभेदारांच्या घरी गेलो. त्यांचे वडील मराठा पॅरा बटालियनमधून कोरियाला गेले होते. लढायला नव्हे, राखण करायला. मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी भारताच्या कस्टोडियन फोर्सच्या ताब्यात दिले होते. तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. री यांना भारतीय सैनिकाचा पायसुद्धा दक्षिणेच्या जमिनीवर नको होता. मग आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. छावणीचं नाव ठेवलं 'हिंद नगर'. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून धरून ठेवलं, तेव्हा थोरात हत्यार न घेता आत गेले आणि त्याला सोडवून आणलं.

"वडील लढाईचं काही सांगायचे नाहीत," सुभेदार म्हणाले. "तारेच्या आतलं सांगायचे. एखादा घरी जातो म्हणाला की बाकीचे त्याच्या जिवावर उठायचे. रात्री कुंपणावरून उड्या टाकून पोरं आमच्या पहाऱ्याकडे पळत यायची."

बाहेर शस्त्रसंधी होऊन महिने झाले होते, आणि आत हे चाललेलं.

शेवटी ८८ जणांनी उत्तरही नको, दक्षिणही नको म्हटलं. ते आपल्या फौजेबरोबर १९५४ मध्ये भारतात आले.

मागे राहिलेल्यांचं काय झालं, ते वाचताना माझा हात थांबला. ताटातूट झालेल्या नातेवाइकांना भेटायचंय म्हणून दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. त्यातले बहुतेक आता हयात नाहीत. २००० पासून अधूनमधून भेटी घडवल्या गेल्या. ज्यांचा नंबर लागला त्यांना दोन-तीन दिवस, त्यातही मोजकेच तास. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये. त्यानंतर एकही नाही. साधं पत्र टाकायची सोय नाही, फोन नाही. दोघांच्या मध्ये सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद पट्टा. आमच्या गावापासून हायवेपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच ही रुंदी. २०२४ मध्ये तर उत्तरेनं एकीकरणाची भाषाच सोडली आणि दक्षिणेकडे जाणारे रस्ते सुरुंगानं उडवले.

दुरुस्ती छापू म्हटलं तर डेस्कवर हसले. "कोरियाची दुरुस्ती इथं कोण वाचतंय?" छापली नाही ती नाहीच. म्हणून इथं लिहितोय. शीर्षक चुकलं होतं. माझं चुकलं होतं.

सुभेदारांचा मात्र दर जुलैला फोन येतो. "आला का हो कागद?" एवढंच विचारतात.

आपल्या भागातून त्या फोर्समध्ये आणखीही जवान गेले असणार. कुणाच्या घरी आजोबांचा कोरियातला फोटो, पत्र, पदक काही असेल तर कमेंटमध्ये सांगा. सुभेदारांना दाखवायचंय.