शेफील्डची मूस

परदेशगमनाचे वेड आम्हांस कधीच नव्हते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे पाठशाळेत कौमुदी. छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले आणि पेन्शन घेऊन गावी स्वस्थ बसलो. परंतु कन्येचे बिऱ्हाड इंग्लंडात शेफील्ड येथे. नातवाचे मुखावलोकन टेलिफोनच्या पडद्यावर किती दिवस करावयाचे? म्हणून २०२५ च्या एप्रिलात सौभाग्यवतीसह आम्ही तेथे दाखल झालो.

शेफील्ड हे सात टेकड्यांवर वसलेले शहर, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. आमच्या गुडघ्यांनी त्या साताही टेकड्यांची साक्ष दिली. या शहराची कीर्ती पोलादाची. सन १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मातीच्या मुशीत लोखंड वितळवून उत्तम पोलाद करण्याची रीत येथे सिद्ध केली. जावईबापूंनी आम्हांस ॲबीडेल येथील जुना कारखाना दाखविला. मुशींची माती मजूर अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवीत, आणि एवढ्या श्रमांनी केलेली मूस दोनतीन वेळांच्या आचेनंतर निरुपयोगी होई. ती फेकून देत. हे ऐकून आम्हांस मुशीची कीव आली.

संस्कृतात जिला ‘मूषा’ म्हणतात, तिचेच इंग्रजी नाव धारण करणारे एक नाट्यगृह शहराच्या मध्यभागी आहे. ‘क्रुसिबल’ हे त्याचे नाव. ते १९७१ साली उघडले. तीन बाजूंस प्रेक्षक आणि मध्ये पुढे आलेला रंगमंच, अशी त्याची रचना. आसने हजारालाही थोडी कमीच. याच रंगमंचावर १९७७ पासून दरवर्षी, हल्ली वसंतात सतरा दिवस, नाटकाऐवजी स्नूकरच्या जगज्जेतेपदाचे सामने होतात.

हा खेळ आम्हांस ठाऊक नव्हता. बारा फूट लांब, सहा फूट रुंद असे हिरव्या बनातीचे टेबल. त्यावर पंधरा तांबडे चेंडू, सहा इतर रंगांचे आणि एक पांढरा. काठीने पांढऱ्यास ठोसून तांबडा खिशात घालावयाचा, मग एक रंगीत, पुन्हा तांबडा, असा क्रम. आमच्या बारा वर्षांच्या नातवाने हे सर्व एका श्वासात सांगितले आणि वर म्हणाला, “आजोबा, हा खेळ तुमच्या जबलपूरचा आहे, ठाऊक आहे का?” जबलपूर आमचे आजोळ! तेथे १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर ही नवी मांडणी काढली आणि पुढे उटकमंडच्या क्लबात तिचे नियम भिंतीवर लागले. नर्मदेकाठची ही गोष्ट आम्हांस शेफील्डास जाऊन कळावी, यास काय म्हणावे! पहिला भारतीय जगज्जेता म्हणून ज्यांचे नाव घेतात ते विल्सन जोन्स मूळचे आमच्या पुण्याचे, आणि १९५८ साली त्यांनी मिळविलेले जेतेपदही याच टेबलावरचे, बिलियर्डचे होते.

जावईबापूंनी वर्षभर आधी तिकिटे घेऊन ठेविली होती. पहिल्या फेऱ्यांत रंगमंचावर दोन टेबले असतात व मध्ये एक आडोसा. आमच्या बाजूस दोन अल्पपरिचित खेळाडू, पलीकडे एक नामांकित. पलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला की आमच्या बाजूचा खेळाडू काठी सावरून मान खाली घाली आणि गलका शमण्याची वाट पाही. आमच्या नातवाची दृष्टी त्या आडोशावरच खिळलेली. “रॉनी खेळतो तेवढंच मी बघतो,” तो कुजबुजला, “बाकीचे फार सावकाश खेळतात.”

रॉनी म्हणजे रॉनी ओसलिव्हन. सात वेळां जगज्जेता, पहिल्यांदा २००१ साली व सातव्यांदा २०२२ साली. १९९७ साली याच नाट्यगृहात त्याने १४७ गुणांची पूर्ण खेळी पाचसव्वापाच मिनिटांत संपविली होती. आम्ही गेलो त्या वर्षी त्याने वयाची एकोणपन्नास वर्षे उलटली होती, आणि तरीही निम्म्या प्रेक्षकांच्या मुखी त्याचेच नाव. तो गेल्यावर या खेळाचे कसे होणार, हीच चिंता आम्ही तेथे अनेकांच्या तोंडून ऐकिली.

ही चिंता नवी नाही. जो डेव्हिस याने १९२७ च्या पहिल्या स्पर्धेपासून १९४६ पर्यंत झालेली पंधराही जेतेपदे जिंकिली आणि अपराजित राहून तो बाजूस झाला. खेळ जणू त्याच्याबरोबरच उठून गेला. १९५७ नंतर १९६४ पर्यंत जगज्जेतेपदाचा सामनाच झाला नाही. एका खांबावर तंबू उभारिला म्हणजे असेच व्हावयाचे. पुढे रंगीत दूरचित्रवाणी आली, १९६९ साली रंगीत चेंडूंस रंगीत पडदा मिळाला आणि खेळास पुन्हा दिवस आले. मग ॲलेक्स हिगिन्स हा बेबंद वृत्तीचा खेळाडू आला. १९८२ साली जिंकल्यावर तान्ह्या मुलीस कवेत घेऊन तो रडला, तेव्हा पाहणारेही रडले. १९८५ च्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर व स्टीव्ह डेव्हिस यांची गाठ पस्तिसाव्या डावाच्या शेवटल्या काळ्या चेंडूवर येऊन ठेपली. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी १ कोटी ८५ लक्ष लोक पडद्यासमोरून हालले नाहीत.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमचे इंग्रजी बेताचे, त्यांचे बोलणे यॉर्कशायरच्या वळणाचे. तथापि वृद्धांस एकमेकांचे कळते. आपण प्रथम हिगिन्ससाठी येऊ लागलो, असे त्यांनी सांगितले. हिगिन्स २०१० साली वारला, पण यांचे येणे थांबले नाही. समोर दोघे खेळाडू कित्येक मिनिटे एकही चेंडू खिशात न घालता पांढरा चेंडू केवळ लपवीत होते. नातू जांभया देत होता. हे गृहस्थ मात्र शास्त्रार्थ ऐकावा तसे पुढे सरसावून बसले होते. प्रतिपक्षास सरळ वाट न ठेवणे हेच ‘स्नूकर’, असे त्यांनी बोटांच्या खुणांनी समजाविले. मग आम्हांसही त्यात गोडी वाटू लागली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. मनात बालगंधर्व आले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा लोक नाटकास जात की नारायणरावांस पाहावयास जात, हे सांगणे कठीण. बोलपट आले, मंडळी ओसरली. परंतु ती पदे शेकडो कंठांत उतरली होती म्हणून नाट्यसंगीत आजही गाइले जाते. आणि मग, नको ती गोष्ट आठवली. शाळेबाहेर दर रविवारी आम्ही संस्कृताचा विनामूल्य वर्ग चालवीत असू. बैठकीची खोली अपुरी पडे. आजाराने दीड वर्ष अंथरुणास खिळलो आणि वर्ग बंद पडला तो पडलाच. “गुरुजी, तुमच्याविना मजा नाही,” असे मुले म्हणत, आणि ते आम्हांस भूषण वाटे. त्या रात्री प्रथमच वाटले की ते भूषण नव्हते. इतक्या वर्षांत आम्ही एकाही विद्यार्थ्यास वर्ग चालवावयास बसविले नव्हते. आम्हीच बोललो, आम्हीच टाळ्या घेतल्या.

उपांत्य सामना घरीच पडद्यावर पाहिला. झाओ शिंतोंग या चिनी तरुणाने ओसलिव्हनचा १७–७ असा पाडाव केला, चौथे सत्र खेळण्याची वेळही येऊ दिली नाही. नातू उठून आपल्या खोलीत गेला. झाओचा पूर्वेतिहास निष्कलंक नव्हे. २०२३ साली सामन्यांच्या निकालांतील लबाडीच्या प्रकरणी ज्या दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली, त्यांत तोही होता. स्वतः सामना हरल्याचा दोष त्याच्यावर नव्हता, तरी वीस महिने तो खेळाबाहेर राहिला. परतला तो व्यावसायिकांच्या यादीबाहेरचा म्हणून, आणि चार पात्रता फेऱ्या पार करून मुख्य स्पर्धेत आला. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर पन्नाशीचा मार्क विल्यम्स, ओसलिव्हनचाच समकालीन. झाओने तो १८–१२ असा जिंकला. आशियातील पहिला जगज्जेता तो ठरला. दोनच वर्षांपूर्वी, २०२३ साली, बेल्जमच्या लुका ब्रेसेलने हा मान प्रथमच युरोपच्या मुख्य भूमीवर नेला होता.

हे चिनी तरुण आकाशातून पडले नाहीत. २००५ साली अठरा वर्षांच्या डिंग जुनहुईने चीनमधील मोठी स्पर्धा जिंकिली, तेव्हा तेथील असंख्य मुलांनी काठी हाती धरिली. त्यांतील कित्येक याच शेफील्डात राहून दिवसाचे सहा-सात तास सराव करितात. टेकडी उतरताना पाठीस लांबट पेटी लावलेली अशी दोन मुले आम्ही स्वतः पाहिली. डिंग स्वतः जगज्जेता झाला नाही. २०१६ च्या अंतिम सामन्यात तो हरला. पण त्याच्या मागे माणसे उभी राहिली. तारा कोणता हे विचारण्यापेक्षा ताऱ्याने किती दिवे लाविले हे विचारावे, असे आम्हांस वाटते. गल्लीतले साधे क्लब आणि तेथे मुलांस काठी धरावयास शिकविणारा अनामिक शिक्षक टिकला, तर हा खेळ टिकेल. ते गेले, तर दहा रॉनी आले तरी व्यर्थ.

अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी नातू आमच्यापाशी आला. बराच वेळ घुटमळून म्हणाला, “आजोबा, मला काठी घेऊन द्याल?” आम्ही दिली. आता तो शनिवारी एका क्लबात जातो, आणि कन्या कळविते की हल्ली तो लपवाछपवीचे डावही शेवटपर्यंत पाहतो.

असो. गावी परतल्यावर रविवारचा वर्ग आम्ही पुन्हा सुरू केला आहे. शिकवितात मात्र आमच्या दोन जुन्या विद्यार्थिनी. आम्ही मागच्या भिंतीशी बसतो. मुले थोडीच येतात. मध्येच एखादा श्लोक चुकला की ओठांवर शब्द येतो. तो गिळावा लागतो, आणि त्यास पोलाद गाळण्याइतकेच श्रम पडतात. मूस फुटावयाचीच असते. पोलाद मागे राहिले म्हणजे झाले.