वाचतो म्हणून शहाणा?

परवा शनिवार-रविवार जोडून उंब्रजला गेलो होतो. रात्री जेवताना चुलतभावाशी जुंपली. विषय नेहमीचाच, आरक्षण. आवाज चढले तशी काकी म्हणाली, "आधी जेवून घ्या रं दोघं."

गंमत बघा, आम्ही दोघांनीही लक्ष्मण माने यांचं 'उपरा' वाचलंय. १९८० सालचं आत्मकथन, लेखक आपल्याच सातारा जिल्ह्यातले. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शिकतो, त्याची ही कहाणी. कॉलेजात मी कट्टर 'मेरिट'वाला होतो. हॉस्टेलवर हे पुस्तक हाती लागलं आणि माझं मत बदललं. भावाच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण मत जागच्या जागी. "वाईट वाटतं रे, पण सवलती अजून किती वर्षं?"

म्हणजे वाचलं की माणूस हळवा होतो आणि हळवा झाला की मत बदलतं, हे गणित काही जुळत नाही. २०१३ साली किड आणि कास्टानो यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं होतं की, साहित्यिक कथा वाचल्यावर लोक नुसते डोळ्यांचे फोटो पाहून दुसऱ्याच्या भावना जास्त चांगल्या ओळखतात. आपण वाचणारे खूश! पुढे इतरांनी तोच प्रयोग केला, तर फरक दिसेना. (आमच्या भाषेत, रिझल्ट रिप्रोड्यूस होईना.)

आता काकी. पेपरापलीकडे वाचन नाही. मत कुणाला द्यायचं ते काका ठरवतात. पण माझ्या लहानपणी कृष्णा-तारळीच्या संगमाकडे पालं पडली, की टोपल्या विकणारी एक बाई हमखास आमच्या ओट्यावर टेकायची. तिच्या पोरांची नावं काकीला आजही पाठ आहेत. मला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा माहीत आहे, तो १९५२ साली रद्द झाला हेही माहीत आहे. नाव मात्र एकाचंही नाही.

इथंच थांबलो असतो तर छान झालं असतं. पण आणखी एक आठवतं. काकी त्या बाईला भाकरी द्यायची, पाणी मात्र वरून ओतायची. तांब्या कधी हातात दिला नाही. लहानपणी मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. 'उपरा' वाचल्यावर ते पहिल्यांदा खटकलं.

वाचनाने बहुतेक एवढंच होतं. आपल्याच ओट्यावरचं दिसायला लागतं. पुढचं आपल्यावर.

काकीशी यावर मी अजून बोललेलो नाही. भावाशी भांडणं त्या मानाने सोपं आहे.