वळणाचं पाणी

भावोजींनी भाड्याने घेतलेली नॅरोबोट लांबीला जवळजवळ लोकलच्या डब्याएवढी आणि रुंदीला जेमतेम सात फूट होती. सुकाणू मागच्या टोकाला. त्यामुळे साठ फुटांवरचं बोटीचं नाक पुलाच्या कमानीत शिरतंय की भिंतीला घासतंय, हे अंदाजानेच ओळखायचं. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, तीही लगेच नाही. मनात आलं की वळते.

इंग्लंडच्या वॉरिकशायरमध्ये नॅप्टन नावाचं गाव आहे, टेकडीच्या माथ्यावर जुनी पवनचक्की असलेलं. तिथे ऑक्सफर्ड कालवा नऊ लॉक चढून वर जातो. सुकाणू ताईकडे, विंडलास माझ्याकडे. विंडलास म्हणजे काटकोनात वळवलेलं लोखंडी हँडल. बोट लॉकच्या अरुंद हौदात शिरली की मागची दारं लावायची आणि पुढची झडप या हँडलने कटकट करत उचलायची. वरचं पाणी आत धावतं आणि बोट हळूहळू वर येते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की दाराच्या लांब तुळईला पाठ लावून रेटायचं. त्याआधी कितीही जोर करा, दार तसूभर हलत नाही. पंप नाही, वीज नाही. शेकडो वर्षांपूर्वीची युक्ती अजून तशीच चालते.

दर खेपेला सुमारे लाखभर लिटर पाणी खाली जातं. म्हणून लॉक भरलेलं असेल आणि वरून कुणी येताना दिसलं तर आपण थांबायचं. भरलेलं लॉक त्यांचं. थांबलं की गप्पा आल्याच. एका आजोबांनी माझं विंडलास धरणं सुधारलं, हवेला नावं ठेवली आणि कुठल्या पबमध्ये जेवू नये तेही सांगितलं.

तेवढ्यात ताई सुकाणूवरून ओरडली, “अगं, म्हशी!” खरंच म्हशी होत्या. काठच्या कुरणात काळ्याभोर, वाकड्या शिंगांच्या, आमच्याकडे अजिबात लक्ष न देणाऱ्या. “आता दूध कुठे मिळतं ते विचार,” भावोजी म्हणाले. बासुंदीचा विषय निघाला तो पुढचं लॉक येईपर्यंत.

शेवटचं लॉक मार्स्टन डोल्सला. त्यानंतर अकरा मैल एकही लॉक नाही. या अकरा मैलांच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर पाच मैलही भरत नाही! जेम्स ब्रिंडली या अभियंत्याचा हिशोब साधा होता: टेकडी आली की तिला खणायचं नाही, तिच्या कडेकडेने समपातळीत पाणी न्यायचं. खोदाई वाचते, लॉक वाचतात. कालवा १७९० मध्ये ऑक्सफर्डला पोचला तेव्हा ब्रिंडली जाऊन सतरा वर्षं होऊन गेली होती. कोळशाच्या बोटींना मात्र ही वळणं महाग पडली. पुढे लंडनला जाणारा अधिक थेट कालवा झाला, मग रेल्वे येऊ घातली. १८३० च्या दशकात उत्तरेकडचा भाग बराचसा सरळ करून घेतला. हा दक्षिणेकडचा तसाच राहिला. आज आम्ही पैसे मोजून येतो ते या न काढलेल्या वळणांसाठी. वर्मलटनच्या टेकडीला तर कालवा जवळजवळ प्रदक्षिणाच घालतो. एक उंच मनोरा कधी उजव्या हाताला दिसे, कधी डाव्या, आणि एकदा चक्क पाठीमागे.

वेगमर्यादा ताशी चार मैल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तीही जास्त होते. आपल्या लाटेने त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आतला चहा सांडतो. बाकी आराम म्हणाल तर तो आतल्यांना. सुकाणूवरचा माणूस सावध उभाच असतो. वेग एवढा संथ, तरी दिवसभर मी कुणाला जांभई देताना पाहिलं नाही.

फेनी कॉम्प्टन गावाजवळ एक लांब, अरुंद खिंड आहे. तिला अजून ‘टनेल’च म्हणतात. पूर्वी खरंच बोगदा होता. एकोणिसाव्या शतकात वरचं छत काढलं, नाव राहिलं. तिथेच समोरून बोट आली. दोघांनीही वेग कमी केला. त्या बोटीच्या टपावर कुंड्या, सायकल आणि झोपलेलं कुत्रं. सुकाणूवरच्या बाई आमच्यापाशी येईतो भरपूर बोलून झालं: पुढे पाण्याच्या नळापाशी रांग आहे, जागा हवी तर आत्ताच बोट बांधा. भावोजींना अजून दोन वळणं मारायची होती. ताईने त्यांना न विचारता दोर हातात घेतला आणि काठावर उडी मारली.