हवेवर उभी असलेली घर-बस

अमेरिकेत निवृत्तीला आलेली बरीच माणसं मोटरहोम घेतात. बसएवढी गाडी आणि तिच्या पोटातच स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली. आपल्याकडे सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन असते, तिची ही थोरली बहीण म्हणा. ह्यूस्टनला राहणाऱ्या आमच्या भाईजाननी अशी एक जुनी गाडी स्वस्तात घेतली. १९९९ सालची, ३८ फुटी, डिझेल इंजिन मागच्या बाजूला. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं अम्मींना घेऊन तिकडे गेलो, तेव्हा सगळ्यांना तिच्यात बसवून ते टेक्सासच्या उत्तरेला, अमरिलोजवळच्या पालो ड्युरो कॅन्यनला घेऊन गेले. त्या लाल खडकांच्या दरीवर खरं तर वेगळं लिहायला हवं. पण आमचा तिथला मुक्काम बहुतेक गाडीच्या एका कोपऱ्यातच गेला.

आपली लाल एसटी लोखंडी पाट्यांवर उभी असते. ही गाडी रबराच्या फुग्यांवर उभी असते, पुढे दोन आणि मागे चार. त्यांना एअर बॅग म्हणतात. अपघातात उघडते ती एअर बॅग वेगळी. आपल्या शिवनेरीलाही असेच फुगे असतात, म्हणून खड्ड्यांत ती कमी आदळते. मोटरहोमला त्यांचा आणखी एक उपयोग असतो. जमीन कधी अगदी सपाट नसते, म्हणून गाडी थांबली की बटण दाबायचं. ज्या कोपऱ्याला गरज असेल तिथे हवा भरली जाते, दुसरीकडची सोडली जाते, आणि घर समतल होतं. रात्रभर ते समतल राहतं का, यावर ही यंत्रणाच लक्ष ठेवते आणि कोपरा खाली आला की छोटा कॉम्प्रेसर लावून परत हवा भरते.

पहिल्याच रात्री तो कॉम्प्रेसर दर अर्ध्या तासाला घुरघुरत होता. सकाळी अम्मी म्हणाल्या, "तुमच्या बसला दमा आहे का रे?" बॅटरी उतरली होती आणि ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा कोपरा खाली बसला होता. न्हाणीघरात वुजूचं पाणी जाळीकडे न जाता उलट्या कोपऱ्यात साचत होतं.

झोप मोडली, पाणी साचलं, इथवर ठीक. खरी फिकीर फ्रीजची होती. या जुन्या गाड्यांतला फ्रीज घरातल्यासारखा नसतो. त्याला कॉम्प्रेसरच नसतो. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने अमोनियाचं द्रावण तापवतात आणि ते स्वतःच्या वजनाने वाहत परत खाली येतं. फ्रीज तिरका झाला की हे वाहणं अडतं, थंडावा जातो आणि तसाच चालू ठेवला तर तो कायमचा बिघडतो. साधारणपणे एका बाजूला तीन अंशांपलीकडे कलू देऊ नये म्हणतात. आम्ही टेप लावला. कोपरा पाच इंच खाली आणि गाडीची रुंदी साडेआठ फूट, म्हणजे कल जवळजवळ तीन अंश. आणि त्या फ्रीजमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांच्या अम्मींचं दोन महिन्यांचं इन्सुलिन होतं.

भाईजाननी अमरिलोच्या एका गॅरेजला फोन केला. गाडी न बघताच उत्तर आलं, "जुनी आहे, सहाही एअर बॅग बदला." अंदाज अडीच हजार डॉलर! मुलगा गणितात नापास झाला म्हणून त्याची सगळी पुस्तकं बदलून टाकावीत, तसला हा सल्ला. कुठली पायरी चुकली ते आधी शोधायला नको का?

पुतण्या सतरा वर्षांचा, उत्साही. हवा कुठून सुटते ते ऐकतो म्हणून टॉर्च घेऊन, ताडपत्री अंथरून तो गाडीखाली सरकायला लागला. खांदे आत गेले होते, इतक्यात शेजारच्या जागेवरचे एक म्हातारे गृहस्थ ओरडले. आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले. पुतण्या म्हणाला, "चाकं आहेत ना, गाडी पडणार कशी?" तेव्हा त्यांनी त्याला बाहेर काढून दाखवलं. चाकं पेलतात ती धुरा. धुरा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये फक्त हवा असते. एक नळी निसटली, एक व्हॉल्व्ह उघडला, की तेरा टनांची गाडी क्षणात खाली बसते आणि मग सांगाडा व जमीन यांत उताण्या माणसाच्या छातीएवढीही जागा राहत नाही. माणसं अशी गेलेली आहेत. भाभी पायरीवर उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी टॉर्च कपाटात टाकला.

त्या गृहस्थांनी आपल्या ट्रकमधून बारा-बारा टनांच्या दोन लोखंडी घोड्या काढून दिल्या. चाकांना लाकडी ठोकळे लावले, हवेने गाडी पूर्ण वर उचलली आणि बाहेर बसूनच काठीने घोड्या सांगाड्याखाली ढकलल्या. लोखंड आणि सांगाडा यांत बोटभर फट ठेवली. आता हवा गेली तरी गाडी बोटभरच खाली येणार होती.

पण खाली हात घालण्याआधी एक रात्र नुसतं मोजायचं ठरवलं. इन्सुलिन बर्फाच्या पेटीत ठेवलं, फ्रीज बंद केला, हवा आपोआप भरू नये म्हणून यंत्रणाही बंद केली. घोड्या अडवतील म्हणून रात्रीपुरत्या बाजूला ओढल्या आणि गाडीजवळ कुणी फिरकायचं नाही असं ठरलं. फक्त कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांवर दर दोन तासांनी मोजून पुतण्याने वहीत लिहायची. त्याला वाटलं होतं, इतर तीन कोपरे जिथल्या तिथे राहतील. तेही थोडे उतरले. ही गळती नव्हे. दिवसा बत्तीस अंश आणि पहाटे चौदा, म्हणजे हवा साधारण सहा टक्के आकसणारच. नववीच्या विज्ञानात हेच शिकवताना मुलं जांभया देतात. इथे तो पोरगा पहाटे पाचला टेप घेऊन खूश होता. तीन कोपरे अर्धा इंच, चौथा पाच इंच. दोष एकाच कोपऱ्यात होता.

सकाळी घोड्या परत लावल्या. मग साबणाचं पाणी. गॅसचा सिलिंडर बदलल्यावर आपण रेग्युलेटरला फेस लावून बघतो, तेच. फुगे, नळ्या, जोड, सगळीकडे फवारलं. एकही बुडबुडा नाही. म्हणजे त्या सहा बॅगांना काही झालंच नव्हतं. मागच्या दोन कोपऱ्यांसाठी विजेवर चालणाऱ्या सहा व्हॉल्व्हची एक पेटी होती. प्रत्येक कोपऱ्याला एक हवा भरणारा, एक सोडणारा आणि एक प्रवासात वापरायचा. त्यातल्या डाव्या 'सोडणाऱ्या' व्हॉल्व्हच्या तोंडावर एक बुडबुडा हळूहळू मोठा होत गेला.

इथे घाई करून नवा व्हॉल्व्ह मागवता आला असता. पण भाईजानना आम्ही म्हटलं, दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच आहेत, अदलाबदल करून बघू. सगळी हवा सोडून गाडी घोड्यांवर टेकवली, वीज तोडली, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. त्या रात्री डावा कोपरा जागच्या जागी आणि उजवा खाली. आजार व्हॉल्व्हबरोबर घर बदलून गेला होता.

उघडला तेव्हा आत पांढरी बारीक पूड आणि गंजाचे कण. रबरी ओ-रिंग चपटी झालेली. पूड आली होती एअर ड्रायरमधून. कॉम्प्रेसरची हवा कोरडी करणारा हा डबा दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. गाडीच्या आधीच्या कागदांत तो बदलल्याची नोंदच नव्हती. टाक्यांच्या खालचा नळ सोडला तर चहाच्या रंगाचं पाणी आलं. ते व्हॉल्व्हपर्यंत जातं, तिथे कण बसतो आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. साफसफाई, अमरिलोहून आणलेल्या ओ-रिंगा, ड्रायरचा नवा डबा. ओ-रिंगांना बारा डॉलर लागले. डबाच काय तो महाग.

बॅगा जुन्या आहेत हे खरंच आहे. रबराला भेगा दिसल्या की त्या बदलाव्या लागतील आणि तो खर्च भाईजाननी धरून ठेवला आहे. त्या दिवशी मात्र त्यांना हात लावायचं कारण नव्हतं.

त्या रात्री कॉम्प्रेसर एकदाच वाजला, पहाटेच्या थंडीत. फ्रीज सुरू केला, त्यात थर्मामीटर ठेवला, पारा आठ अंशांच्या खाली आल्यावरच इन्सुलिन आत गेलं. घोड्या परत द्यायला गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी भाईजानना बजावलं, स्वतःच्या घ्या आणि गाडीतच ठेवा. ह्यूस्टनला पोचल्यावर त्यांनी सगळ्यात आधी त्याच घेतल्या.

परवा पुतण्याचा फोन आला होता. पुढचा उजवा कोपरा आठवड्याला बोटभर उतरतोय म्हणाला. वही त्याने जपून ठेवली आहे, आणि फेस लावण्याआधी घोड्या लावल्या का, हे अम्मींनीच त्याला विचारलं.