भाकरीची परात

जत तालुक्यातून मी साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात आलो, ते साल १९७६. इतका बुजरा होतो, की पंगतीत दुसरी भाकरी मागायला जीभ रेटायची नाही. अर्धपोटीच उठायचो. भाकऱ्या थापणाऱ्या मावशींनी ते आठवडाभर पाहिलं आणि एका रात्री माझ्यापुढे परात आदळली. "मूग गिळून भूक भागत न्हाई, लेकरा. उद्यापास्नं तू वाढ."

ज्याला मागता येत नव्हतं, त्याला त्यांनी विचारायचं काम दिलं. "भाकरी वाढू?" दोनच शब्द, पण रोज प्रत्येक ताटापुढे वाकून म्हणायचे. महिन्याभरात कोणाला करपलेली आवडते, कोण तापाने फणफणलाय, कोणाची मनिऑर्डर आली नाही, सगळं कळू लागलं. पोरंही मला नावाने हाक मारू लागली.

माझा खोलीसोबती मात्र अबोल तो अबोलच राहिला. तो कोठीची वही लिहायचा. त्याच्याकडे गप्पा मारायला कोणी जात नसे. पैसे ठेवायला मात्र सगळे जात. माझा गोतावळा जिभेने जमला, त्याचा वहीने.

सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवणारं हे बोर्डिंग भाऊराव पाटलांचं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडल्याची गोष्ट दरवर्षी भाषणात ऐकायचो. ऐकताना डोळ्यांपुढे यायच्या त्या मावशीच.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथल्या माझ्या घरात छातीभर पाणी. पुतण्याच्या माडीवरून मी सातारा-कराडच्या जुन्या सोबत्यांना फोन लावत सुटलो, "भाकरी पाठवा रे." दुसरी भाकरी मागायला लाजणारा मी, गल्लीभरासाठी मागत होतो.

विट्यावरून वळसा घालून टेम्पो आला. आधी खोलीसोबती उतरला, काखेत वही. "तू हाका मार, मी लिहितो." तो एवढंच बोलला. कोणत्या घरी किती माणसं, किती भाकऱ्या, सगळं त्याच्या जुन्याच बारीक अक्षरात उतरत गेलं.

मावशी कधीच्याच गेल्या. त्यांच्या परातीपायी मला बोर्डिंगातल्या पोरापोराचं नाव पाठ झालं. त्यांचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं.